अर्ध्या सेकंदाची तक्रार

स्क्रीनवर दिसतोय तो एक बग रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाची तक्रार. ‘नवीन व्हर्जन चालत नाही. ताबडतोब दुरुस्त करा.’ कुठलं व्हर्जन, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, काय केल्यावर बंद पडलं, काहीच नाही. खाली रांगच लागली आहे: ‘मलाही’, ‘काही अपडेट?’, ‘अजून नाही?’ हे वाचणारे मेंटेनर, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची देखभाल करणारे, बहुतेक वेळा पोटापाण्याची नोकरी सांभाळून, बिनपगारी काम करत असतात.

आता हा दुसरा रिपोर्ट पाहा. व्हर्जनचा नंबर. एररचा मजकूर जसाच्या तसा. फोटो नाही, त्यामुळे तो शोधता येतो. मग पायऱ्या: ही फाइल उघडा, हे बटण दाबा. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. मेंटेनर त्याच पायऱ्या करून पाहतात, आणि प्रोग्रॅम त्यांच्याकडेही बंद पडतो. निम्मं काम इथेच झालं.

पुढचं काम गिट बायसेक्टचं: गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली ही शोधाची सोय. चालणारं जुनं व्हर्जन आणि बिघडलेलं नवं, यांच्यामध्ये हजारभर बदल. मधला बदल घ्या, चालवून पाहा. चालला तर आधीचे सगळे बाद. पुन्हा मधला. साधारण दहा फेऱ्यांत नेमका बदल हाती लागतो. हे काम कळवणाऱ्यालाही करता येतं, आणि ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं.

आणि हा तिसरा रिपोर्ट, २९ मार्च २०२४ चा, आंद्रेस फ्रॉइंड यांचा. एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय, तिच्या लॉगिनला ०.२९९ ऐवजी ०.८०७ सेकंद लागत होते. त्यांनी मोजमाप केलं, वेळ कुठे जातोय याचा माग काढला. तो निघाला एक्सझेड या कॉम्प्रेशन (फाइल लहान करण्याच्या) प्रकल्पाच्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅमही वापरतात अशा कोडमध्ये. तिथे कुणीतरी बाहेरून गुपचूप शिरण्यासाठी चोरदरवाजा बसवला होता. आधी डेबियन आणि लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतर वितरणांना (ती तयार करून देणाऱ्या प्रकल्पांना) खासगीत कळवलं, मग जाहीर केलं. आपण सुरक्षा संशोधक नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. असा रिपोर्ट लिहिणाऱ्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

याच प्रकल्पाच्या एकट्या मेंटेनरमागे २०२२ मध्ये तगादा लागला होता: उशीर का, दुसऱ्याला सोपवा. हे बिनपगारी छंदाचं काम आहे, मनाचं आरोग्य बरं नाही, असं त्यांनी लिहूनही तो थांबला नाही. तगादा लावणारी खाती बनावट असल्याचा दाट संशय आहे. पण खरे वापरकर्ते रोज याच सुरात लिहितात, म्हणून ती खाती वेगळी वाटलीच नाहीत. मदतीला आलेल्या नव्या नावाकडे अधिकार गेले, आणि चोरदरवाजा त्याच नावाने आला.

चोरदरवाजा असलेली एक्सझेडची ५.६.० आणि ५.६.१ ही व्हर्जन मागे घेतली गेली. मूळ मेंटेनरनी मे २०२४ मध्ये ५.६.२ काढलं.