लेंग्याची नाडी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय शौचाच्या सवयीबद्दल. विषय रोजचा, पण चारचौघांत कुणी काढत नाही.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. साडेपाचची पहिली गाडी त्यांची, म्हणून पावणेपाचला चहा आणि पाचला परसाकडे. पाच म्हणजे पाच. मामी म्हणायची, "ह्यांच्या पोटावर डेपोचं घड्याळ लावावं." निवृत्त झाले आणि काही महिन्यांत ते घड्याळ बिघडलं. कधी दोन दिवस काहीच नाही, कधी दिवसातून चारदा, आणि तरी पोट साफ झाल्यासारखं वाटेना. सगळे म्हणाले, ड्युटी सुटली ना, म्हणून. मामांनाही पटलं. मग रक्त दिसलं. मूळव्याध असणार, असं त्यांनीच ठरवलं, मलम आणलं, रात्री इसबगोल घ्यायला लागले. घरात अवाक्षर नाही.

ओळखलं मामीनं. धुण्यात लेंगा पिळताना तिला दिसलं, नाडीची गाठ पूर्वीपेक्षा बरीच आत सरकलीय. त्यात मामांनी पंढरपूरला जायचं टाळलं. जन्मभर गाडीत काढलेला माणूस गाडीत बसायला घाबरत होता! मामीनं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी बोटानं तपासलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९ भरलं, म्हणजे कमीच. मग दुर्बिणीनं मोठं आतडं पाहिलं. गाठ निघाली, कर्करोगाची. पण आतड्याबाहेर पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं, त्याला आता ६ वर्षं होतील.

प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असं मुळीच नाही. बहुतेकदा खाणं, प्रवास, औषधं, जागरण, असलंच कारण असतं. दिवसातून ३ वेळा होणं आणि आठवड्यातून ३ वेळा होणं, दोन्ही निरोगी असू शकतं. पाहायचं ते एवढंच, की तुमचं नेहमीचं बदललंय का. हा बदल ३ आठवडे टिकला तर डॉक्टर गाठा. पुन्हा सांगते, ३ आठवडे. रक्त दिसलं, वजन घटलं, थकवा आला, तर तेवढंही थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, ते ठीक. पण गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट झाली तर त्याच दिवशी दवाखाना. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, तर लगेच.

आणि हो, बाजारात, स्टँडवर बायकांना धड संडास मिळत नाही. कितीजणी कळ दाबून, पाणी न पिता दिवस काढतात आणि पुढे बद्धकोष्ठता सोसतात. सत्काराच्या शाली कमी करा, पण आधी त्या संडासांना कड्या आणि पाणी द्या, हे मी प्रत्येक सभेत सांगते.

डॉक्टरांसमोर बोलायला जड जात असेल तर लिहून न्या. कधीपासून, दिवसातून किती वेळा, रंग कसा, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आईवडिलांना वा भावंडांना आतड्याचा कर्करोग झाला होता का. मामीनं कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून नेलं होतं. डॉक्टरांनी आधी ते पान वाचलं, मग मामांना आत बोलावलं.