दह्यात फळ पडतं तेव्हा

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दह्याचा थेंब. मण्यांसारख्या माळा, मधूनमधून लांबट काड्या.]

या माळा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसच्या आणि या काड्या लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकसच्या. योगर्ट म्हणून ओळखलं जाणारं दही ही या जोडीची करणी. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन हे जिवाणू आम्ल तयार करतात. आंबटपणा पुरेसा चढला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकत्र येतं आणि दही लागतं.

काडीसारख्या जिवाणूचा शोध 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने लावला. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले इल्या मेच्निकॉव्ह यांनी दह्याने म्हातारपण लांबणीवर पडतं, असा विचार मांडला. त्यांना 1908 चं नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. दह्याचे गोडवे गाताना हे नेमकं निसटतं!

आयुष्य वाढण्याचं सोडा, दह्याचा एक फायदा मात्र पक्का आहे. दूध न पचणाऱ्या अनेकांना दही चालतं. थोडं लॅक्टोज जिवाणूंनी आधीच संपवलेलं असतं आणि उरलेलं फोडणारं एन्झाइम तेच आपल्या आतड्यात घेऊन येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये हा दावा मान्य केला. अट एवढीच की दर ग्रॅममागे किमान 10 कोटी जिवाणू जिवंत हवेत. दही लागल्यावर पुन्हा तापवलं असेल, तर हा फायदा गेलाच म्हणायचा.

[दृश्य: वाटीत पांढरं दही. पेरूच्या फोडी पडतात.]

100 ग्रॅम दह्यात साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि 120 मिलिग्रॅम कॅल्शियम. फायबर? शून्य. सी जीवनसत्त्व नावापुरतं. तेवढ्याच पेरूत फायबर 5 ग्रॅमच्या वर आणि सी जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमहून जास्त, पण कॅल्शियम अगदीच थोडं. एकाचं उणं दुसरं भरून काढतं.

खरी गंमत मोठ्या आतड्यात आहे. दह्यातले जिवाणू तिथे पाहुण्यासारखे येतात, काही दिवसांत निघून जातात. कायम वस्तीला असलेले जिवाणू वेगळे, आणि त्यांना लागतं फायबर. ते फायबर आंबवतात, त्यातून ब्युटिरेट तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावरच मुख्यतः चालतात. म्हणून फळ अख्खं हवं, शक्य तिथे सालीसकट. गाळलेल्या रसात यातलं फारसं काही उरत नाही. शिवाय दह्यातली प्रथिनं पोटात रेंगाळतात, त्यामुळे नुसत्या फळापेक्षा भूक उशिरा लागते.

[दृश्य: फळांचं चित्र असलेला तयार दह्याचा डबा.]

आता हा डबा. चित्रात फळं भरपूर, पण आतल्या गोडीत साखरेचा वाटा बराच असू शकतो. आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा: साध्या दह्यातही 100 ग्रॅममागे 4 ते 5 ग्रॅम दुधाची स्वतःची साखर असतेच. आकडा 12-13 दिसला, तर वरची बहुतेक भर घातलेली समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने, 2000 कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत हवी, 25 च्या आत राहिली तर उत्तम. साधं दही आणि पिकलं केळं घेतलं की हा हिशेब करायची गरजच पडत नाही.

[दृश्य: दह्यात न शिजवलेल्या अननसाच्या फोडी. वेळ भराभर पुढे सरकतो.]

फोडीभोवतीचं दही बघा. आधी कडेने पाणी सुटतं, मग घट्टपणा जातो. चाखलं तर कडू. अननसातलं ब्रोमेलेन केसीन कातरत सुटतं. किवी आणि पपईतही अशी एन्झाइम्स असतात. अपाय काही नाही, चव तेवढी जाते. त्यामुळे ही फळं ऐन खायच्या वेळी घालावीत. अननस शिजवून घेतला तर प्रश्नच मिटतो. एरवी दह्यावर सुटलेलं पाणी मात्र ओतून देऊ नका, त्यात बी-2 जीवनसत्त्व असतं.

दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांना दहीही चालत नाही. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल, तर दही आणि गोळी एकत्र घेऊ नका. दह्यातलं कॅल्शियम या औषधांना धरून ठेवतं आणि ती रक्तात कमी उतरतात. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.