आदन अदे : निकाल मान्य करणारा राष्ट्राध्यक्ष

(दृश्य : शबेले नदीचं पात्र, काठावरची वस्ती)

निवेदन :
सोमालियातल्या शबेले नदीच्या काठावरचं बेलेदवेन हे गाव. १९०८ साली इथे आदन अब्दुल्ले उस्मान यांचा जन्म झाला. पुढे सगळा देश त्यांना आदन अदे म्हणू लागला.

तेव्हा हा मुलूख इटलीच्या ताब्यात होता. तरुण आदन यांनी वसाहतीच्या सरकारी नोकरीत उमेदीची वर्षं घालवली. १९४१ मध्ये नोकरी सोडली आणि ते व्यापारात उतरले.

(दृश्य : मोगादिशूची जुनी छायाचित्रं)

मे १९४३. मोगादिशूत तेरा तरुणांनी एक क्लब काढला. त्याचीच पुढे सोमाली यूथ लीग झाली. भाषा एक, धर्म एक, तरीही कुळाकुळांत वाटलेला हा समाज. लीग सांगत होती, कूळ मागे ठेवा, आधी सोमाली व्हा. आदन १९४४ मध्ये लीगमध्ये आले आणि दहा वर्षांत तिचे अध्यक्ष झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी दहा वर्षांच्या बोलीवर कारभार पुन्हा इटलीकडेच दिला. किती जिव्हारी लागलं असेल ते! पण आदन यांनी तीच दहा वर्षं कामी लावली. १९५६ मध्ये कायदेमंडळ निवडून आलं, त्याचे ते सभापती झाले.

(दृश्य : निळा झेंडा, त्यावर पांढरा पंचकोनी तारा)

१ जुलै १९६०. पाच दिवस आधीच ब्रिटिशांपासून मुक्त झालेला उत्तरेचा सोमालीलँड इटलीकडून सुटलेल्या दक्षिणेला येऊन मिळाला. सोमाली प्रजासत्ताक जन्माला आलं आणि आदन अदे त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

एकीकरण सोपं नव्हतं. उत्तरेत इंग्रजी कायदा, दक्षिणेत इटालियन. दोन्हीकडची नोकरशाही वेगळी, आणि सोमाली भाषेला अजून अधिकृत लिपीसुद्धा नव्हती. १९६४ मध्ये आदन यांनी अब्दिरिझाक हाजी हुसेन यांना पंतप्रधान नेमलं. संसदेनं त्यांच्यावर विश्वास दाखवला नाही. आदन यांनी पुन्हा त्यांचंच नाव पुढे केलं, आणि या वेळी ते मंजूर झालं. लाचखोर अधिकाऱ्यांना घरी पाठवणारं हे सरकार अनेकांना खुपलं. त्याची किंमत आदन यांना मोजावी लागली, असं मला वाटतं.

(दृश्य : संसदेचं सभागृह)

जून १९६७. राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता, मतदार होते संसदेचे सदस्य. समोर उभे होते अब्दिरशीद अली शर्मार्के, आदन यांचेच आधीचे पंतप्रधान. आदन हरले.

तो काळ आठवून पाहा. नोव्हेंबर १९६५ मध्ये काँगो, जानेवारी १९६६ मध्ये नायजेरिया, फेब्रुवारीत घाना, जानेवारी १९६७ मध्ये टोगो. एकेका देशात लष्कर सत्ता बळकावत होतं. अशा काळात आदन अदे यांनी निकाल मान्य केला आणि पद सोडलं. मतदानात हरल्यावर शांतपणे सत्ता सोपवणारा स्वतंत्र आफ्रिकेतला हा पहिला राष्ट्रप्रमुख. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मी यालाच म्हणेन.

१५ ऑक्टोबर १९६९ रोजी लास आनोदमध्ये शर्मार्के यांची त्यांच्याच पहारेकऱ्यानं हत्या केली. सहा दिवसांत सियाद बारे यांच्या लष्करानं सत्ता घेतली. संसद गेली, पक्ष गेले. आदन यांनाही अटकेत ठेवलं गेलं. सुटल्यावर ते शेतीकडे वळले.

(दृश्य : शबेलेकाठची हिरवी शेतं)

पण ते कायमचे गप्प बसले नाहीत. १९९० मध्ये शंभरहून अधिक नामवंतांनी बारे यांच्या राजवटीविरुद्ध जाहीरनामा काढला. त्यावर आदन अदे यांचीही सही होती. वयाची ऐंशी उलटली होती, तरी त्यांना पुन्हा पकडलं. पुढच्याच जानेवारीत बारे मोगादिशू सोडून पळाले आणि देश यादवीत ओढला गेला.

८ जून २००७ रोजी नैरोबीत आदन अदे यांचं निधन झालं. मोगादिशूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला त्याच वर्षी त्यांचं नाव देण्यात आलं.