हात वर न करणारी मुले

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात संवादी तंत्रज्ञान आणायचे म्हणजे मोठा पडदा किंवा प्रत्येक मुलासमोर टॅब हवा, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या मते खरा प्रश्न उपकरणाचा नसून ज्या मुलांचा हात कधीच वर जात नाही, त्यांच्या मनात काय चालले आहे हे शिकवतानाच आपल्याला कळते की नाही, हा आहे.

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्या कामाविषयी मला नितांत आदर आहे, कारण त्यामुळे धडा घरापर्यंत पोहोचला. मात्र धडा पोहोचला म्हणजे तो समजला, असे गृहीत धरता येत नाही.

विजेचेच उदाहरण घ्या. दोन सारखे दिवे एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेत एकापुढे एक लावले, तर कोणता अधिक उजळेल, असे विचारल्यावर बरीच मुले ‘पहिला’ म्हणतात, कारण पहिल्या दिव्यात थोडी विद्युतधारा खर्च होते, असे त्यांना मनापासून वाटत असते. व्याख्या तोंडपाठ असलेली मुलेही इथे चुकतात. अशा प्रश्नासाठी प्लिकर्स हे साधन मला फार उपयोगी वाटते. प्रत्येक मुलाच्या हातात वेगळ्या नक्षीचे कागदी कार्ड असते; निवडलेल्या पर्यायाची बाजू वर येईल असे ते धरायचे आणि शिक्षकाने एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सारा वर्ग टिपायचा. शेजाऱ्याचे उत्तर सहज ओळखता येत नाही, त्यामुळे बुजरे मूलही निर्धास्तपणे मत देते.

पुढे काय करायचे, याची वाट हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून आखून दिली आहे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर लगेच खुलासा करू नये. मुलांनी शेजाऱ्याला आपले कारण पटवून द्यावे आणि मग पुन्हा मत घ्यावे. उत्तरे त्याहून कमी बरोबर असतील, तर मुद्दा नव्याने शिकवावा.

फेट (PhET) या संगणकावर प्रयोग करून पाहता येणाऱ्या मोफत प्रतिकृती इथेच कामी येतात. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला; त्यातील अनेक प्रतिकृती मराठीतही आहेत. मुलांनी आपला अंदाज कारणासह वहीत लिहिल्याशिवाय मात्र प्रतिकृती सुरू करू नये, असा माझा आग्रह आहे. अंदाज लिहिलेले मूल दोन्ही दिव्यांपाशी विद्युतधारा मोजणाऱ्या अमीटरचे सारखेच वाचन पाहून ‘असे कसे?’ म्हणून थांबते. न लिहिलेले मूल नुसते चित्र पाहते.

या साऱ्यात खरा वेळ प्रश्न तयार करण्यात जातो, आणि तो जायलाच हवा. चुकीचे पर्याय मनाने रचू नयेत, मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांतून ते वेचावेत.