साइट चालू आहे, पण आपली नाही

तुमच्यापैकी बरेच जण नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कंपन्यांत किंवा कॉलेज रोडवरच्या छोट्या ऑफिसांत सर्व्हर सांभाळतात. म्हणून एनजिनेक्स हा वेबसर्व्हर, म्हणजे साइटची पानं पुरवणारा प्रोग्रॅम, एवढंच सांगतो; अगदी मुळापासून सुरुवात करत नाही. सरळ निफाडला जाऊ.

जानेवारीतली गोष्ट. निफाडचा पारा घसरला होता, द्राक्षाचे कंटेनर नुकतेच सुटायला लागले होते. तिथल्या एका निर्यातदारांची साइट मी बघतो. सकाळी सातला त्यांचा फोन : ‘भाऊ, साइट चालू आहे म्हणते, पण आपली द्राक्षं कुठंयत?’ मोबाइलवर पाहिलं. एचटीटीपीएसचा पत्ता टाकला तर कनेक्शनच नाही. साधा एचटीटीपीचा टाकला तर अनोळखी पान, त्यावर ठळक अक्षरांत ‘इट वर्क्स!’ रात्री मीच कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) अपडेट टाकून मशीन रीबूट केलं होतं आणि न बघता झोपलो होतो.

लॉगिन केलं. एनजिनेक्स बंद. रीस्टार्ट दिला तर सिस्टमडीचं (लिनक्सवर सर्व्हर चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाचं) नेहमीचं उत्तर : जॉब फेल, स्टेटस बघा. त्या ओळीत हाताला लागण्यासारखं काहीच नसतं. आपण काय करतो? पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा. दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की सिस्टमडी पुढचा प्रयत्नच नाकारतो, ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ म्हणतो, आणि माणूस त्या नव्या ओळीच्या मागे लागतो. खरी ओळ केव्हाच वर सरकलेली असते.

मग कॉन्फिगची, म्हणजे सेटिंगच्या फाइलची, चाचणी घेतली, एनजिनेक्स हायफन टी. ‘टेस्ट इज सक्सेसफुल.’ इथं भलेभले फसतात, म्हणून जरा थांबतो. ही चाचणी फाइलचं व्याकरण बघते, सर्टिफिकेट आणि त्याची की जुळते का तेही बघते. पण पोर्ट (सर्व्हर ज्या नंबरच्या दारावर ऐकत बसतो ते दार) कुणीतरी धरलाय, याकडे ती मुद्दाम काणाडोळा करते. करावाच लागतो; एरवी चाचणी घेतो तेव्हा पोर्ट आपल्याच चालू एनजिनेक्सनं धरलेला असतो ना! त्यामुळे चाचणी पास आणि सर्व्हर आडवा, हे खुशाल होऊ शकतं.

एरर लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलं होतं : ८० नंबरच्या पोर्टवर बाइंड फेल, म्हणजे तो ताब्यात घेता आला नाही, ‘९८: अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’. अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं पाचदा तेच, शेवटी ‘स्टिल कुड नॉट बाइंड’. नाशिकच्या सीबीएस स्टँडच्या एका फलाटावर दोन एसट्या लागत नाहीत, तसं. आधी कोण लागलंय? ते दाखवणारी कमांड एसएस हायफन एलटीएनपी, आणि तिच्याआधी सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावा; नाही लावला तर पोर्ट दिसतो, धरणाऱ्याचं नाव दिसत नाही. नाव आलं, अपाचे२. हा दुसरा वेबसर्व्हर; ‘इट वर्क्स!’ त्याचंच पान.

मी अपाचे टाकलाच नव्हता! निदान माझी तशी समजूत होती. एपीटीच्या (उबुंटू या लिनक्सवर पॅकेजं टाकणाऱ्या साधनाच्या) जुन्या नोंदी चाळत गेलो तो सप्टेंबरात सापडला. चौकशीच्या फॉर्मसाठी मी पीएचपी (वेब प्रोग्रॅमिंगची भाषा) टाकलं होतं. उबुंटूत नुसतं ‘पीएचपी’ मागितलं की पाठोपाठ अपाचे येतो. मी पीएचपी-एफपीएम, म्हणजे अपाचेशिवाय चालणारं पॅकेज, मागायला हवं होतं. त्या दिवशी ८० नंबर एनजिनेक्सकडे होता, त्यामुळे अपाचे उठायला गेला आणि पडला. स्क्रीनवर तसं आलंही असणार. मी बहुधा मिसळ खायला निघालो होतो. पण मशीन उठताना कुणाकुणाला उठवायचं, त्या यादीत त्याचं नाव लागलं ते लागलंच. चार महिने रीबूट नाही, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. त्या रात्री दोघं एकदम उठले आणि अपाचे आधी पोचला.

म्हणून सर्व्हर उठेना की ‘काल काय केलं?’ एवढ्यावर थांबू नका. हा शेवटचा नीट उठला कधी आणि तेव्हापासून मशीनवर काय काय झालं, ते विचारा. चालता सर्व्हर जुनं कॉन्फिग मेमरीत घेऊन बसलेला असतो. फाइलमध्ये महिन्यापूर्वी कुणी अर्धविराम खाल्ला असला तरी त्याला त्याची खबर नसते. रिलोड दिलात, म्हणजे बंद न करता फाइल पुन्हा वाचायला सांगितलीत, तर एनजिनेक्स नवी फाइल आधी तपासतो आणि चुकीची निघाली तर जुन्यावरच चालत राहतो. रीबूटमध्ये आधाराला जुनं काही उरतच नाही.

पुढचं काम दोन ओळींचं. अपाचे डिसेबल करून थांबवला, एनजिनेक्स सुरू केला. फोन लावला. ‘रात्री काय बिघडलं, भाऊ?’

म्हटलं, रात्री नाही, सप्टेंबरात.

‘म्हणजे छाटणीच्या वेळचंच दुखणं म्हणा की,’ ते म्हणाले, आणि पॅकहाउसकडे गेले.