खुरातला खिळा

गळीत हंगाम लागला की कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या राजाराम साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या निघतात. ट्रॅक्टर वाढले, तरी बैलगाडी अजून दिसतेच. गाडीत टनावारी ऊस आणि बैलाच्या पायाखाली डांबर. मातीत खूर सावकाश झिजतो, डांबरावर भराभर. खूर महिन्याला जेमतेम पाच मिलिमीटर वाढतो; एवढ्या झिजेला तो पुरा कसा पडणार? म्हणून पत्र्या, म्हणजे बैलाच्या खुराला ठोकायचे लोखंडी नाल, माराव्या लागतात.

नालबंदानं बैल पाडलाय. चारी पाय दोरानं जखडलेत, एक जण शिंगं धरून मानेशी बसलाय. घोड्याला दर पायी एक नाल पुरतो. बैलाचा खूर मधोमध दुभंगलेला, त्यामुळं एका पायाला दोन पत्र्या, चारी पायांना मिळून आठ.

आता खिळा जवळून बघा. टोकाला एका अंगानं उतार दिलाय. त्या उतारामुळंच ठोकताना तो आत न घुसता बाहेरच्या बाजूला वळतो आणि खुराच्या कडेतून वर निघतो. निघालेलं टोक नालबंद पिळून तोडतो, उरलेला भाग खुरावर दुमडून ठोकतो, वर कानस फिरवतो. पत्री पक्की बसते ती या दुमडीमुळं.

बैलाला दुखत नाही का? आपलं नख आणि खुराचं कवच, दोन्ही केराटिनचं. नख कापताना आपल्याला दुखत नाही, तसंच हे. पण नखाखाली जसं जिवंत मांस असतं, तसं खुरातही आहे, आणि तिथवरचं अंतर फारच थोडं. म्हणून नालबंदाचे कान हातोडीकडे असतात. कडक कवचात खिळा जाताना टणक आवाज येतो. आवाज बोदा झाला, बैलानं पाय झटकला, की हात थांबलाच पाहिजे. इतकी बारकाई लागणारं हे काम आपण रस्त्याकडेचं किरकोळ काम समजतो, हे मला पटत नाही.

आणखी एक. बैल डांबरावर किंवा खडीत पाडू नका. मऊ माती बघा, नसेल तर खाली पाचट अंथरा. नुसत्या घाईपायी बरगडीला मार बसतो.

पत्री मारल्यावर बैल चार पावलं चालवून बघायचा. लंगडला, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. तो खिळा तिथंच काढायचा, जखम धुवायची आणि जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचं. खिळ्याच्या जखमेतून धनुर्वात होऊ शकतो. बैल बरा होईपर्यंत गाडी जुंपायची नाही, खेप बुडाली तरी चालेल.