लाजाराला पाठव

नमस्कार श्रोतेहो. आज जरा अवघड विषय घेतलाय, नरक. लहानपणी आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवर एक चित्र होतं, लालभडक ज्वाळा आणि त्यात हात वर केलेली माणसं, ते बघून मला रात्र-रात्र झोप यायची नाही आणि एकच प्रश्न छळायचा, देव जर प्रीती आहे तर तो असं कसं करेल?

पुढे मोठेपणी मी तो शब्दच धरून बसलो. आपण नरक वाचतो तिथं मूळ ग्रीकमध्ये बहुतेकदा गेहेन्ना आहे, बायबलच्या नव्या करारात १२ वेळा, त्यातल्या ११ वेळा खुद्द येशूच्या तोंडी. आणि गेहेन्ना म्हणजे जेरुसलेमला लागून असलेली खरीखुरी दरी हो, हिन्नोमचं खोरं! यहुदाच्या आहाज राजाने तिथं स्वतःची पोरं आगीत होमली. यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, असलं काही मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. म्हणजे ती आग आधी माणसांनी पेटवली, तीही लेकरांसाठी. मग त्या लेकरांचा न्याय कुणी करायचाच नाही का?

आता लूकच्या शुभवर्तमानाचा १६ वा अध्याय घ्या, येशूने सांगितलेली गोष्ट. जांभळी वस्त्रं, रोजची मेजवानी, आणि दारात फोडांनी भरलेला लाजार, कुत्री येऊन ते फोड चाटतायत. गोष्टीत गरिबाला नाव आहे, श्रीमंताला नाहीच. दोघं मरतात, लाजार पूर्वज अब्राहामाजवळ जातो, श्रीमंत अधोलोकात तळमळतोय आणि अब्राहामाला म्हणतो काय, तर लाजाराला पाठव, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू दे. अहो, अजूनही त्याला तो हरकाम्याच वाटतोय! आणि नाव माहीत होतं, म्हणजे दारातला माणूस ओळखीचा होता.

यातना सदाकाळची की कधीतरी संपणारी, यावर ऑगस्टीन आणि निस्साचा ग्रेगरी या जुन्या चर्चच्या दोन मोठ्या आचार्यांचंही जमलं नाही. पोप जॉन पॉल दुसरे १९९९ मध्ये म्हणाले की नरक ही जागेपेक्षा देवापासून आपणहून तुटलेल्या माणसाची अवस्था आहे, आणि मला हे मनापासून पटतं, कारण त्या श्रीमंताला आगीतसुद्धा माफी मागावीशी वाटत नाही, दुसरी विनंती करतो तीही लाजारालाच पाच भावांकडे धाडायची.

आज जेवणं झाली की १९ व्या वचनापासून घरात मोठ्याने वाचा, आणि बघा, तो लाजाराशी एकदा तरी बोलतो का.